आकाशातल्या लोखंडाला घाम का फुटतो?

पावसाळा लागला की मिठाच्या बरणीत काय होते, ते गृहिणीला सांगायला नको. उन्हाळ्यात सुटेसुटे असलेले मीठ आषाढात ओलसर होते, चमच्याला चिकटते आणि जाड्या मिठाच्या बरणीत तर तळाशी चक्क पाणी साठते. मिठाने हवेतला ओलावा ओढून घेतलेला असतो. खरे म्हणजे हा उद्योग मिठाचा कमी आणि त्याच्यासोबत मिठागरातून आलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा जास्त. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाघळत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडला त्याच्या निम्मी आर्द्रताही पुरते.

क्लोराइडांच्या ह्या गोतावळ्यात एक भाऊबंद लोखंडाचा आहे. तोही असाच पाघळणारा. पण तो बरणीत सापडत नाही. त्याचे नाव ऐकू येते ते जगातल्या मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत, आणि तेही एका रोगाच्या संदर्भात. काचेच्या कपाटात आकाशातून पडलेला लोखंडाचा गोळा ठेवलेला असतो. वर्षानुवर्षे तो ठणठणीत दिसतो. मग एखाद्या दमट ऋतूत त्याच्या अंगावर हिरवट-तपकिरी थेंब उमटतात, घाम फुटावा तसे. थेंब पुसले तरी पुन्हा येतात. हळूहळू पोपडे सुटतात, भेगा पडतात आणि एके दिवशी कपाटात लालसर भुग्याचा ढीग उरतो. ह्या रोगाला संग्रहालयातले लोक ‘लॉरेन्साइटचा रोग’ म्हणत आले आहेत. लॉरेन्साइट म्हणजे लोखंडाचे क्लोराइड असलेले खनिज. आज ह्याच खनिजाची ओळख करून घेऊ, आणि त्याच्यावर शंभर वर्षे जो आरोप होता त्याचे पुढे काय झाले तेही पाहू.

साडेचारशे कोटी वर्षांचा दस्तऐवज

रात्री आकाशात क्षणभर चमकून जाते ती उल्का. तिच्यातून वाचून जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. पडताना दिसलेले बहुतेक अशनी दगडी असतात. शंभरात जेमतेम पाच निव्वळ धातूचे निघतात. हा धातू म्हणजे लोखंड आणि निकेल यांचा मिश्रधातू. सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत, सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी, जे छोटे ग्रहगोल तयार झाले, त्यांतले काही आतून वितळले. जड लोखंड पोटात खोल उतरले आणि तिथे सावकाश थंड होत गेले. पुढे टकरींत ते गोल फुटले आणि त्यांच्या पोटातले लोखंड अंतराळात उघडे पडले.

‘सावकाश’ म्हणजे किती सावकाश? दहा लाख वर्षांत काही अंश, फार तर काही हजार अंश! एवढा वेळ मिळाल्यामुळे त्या धातूत निकेल कमी असलेल्या आणि निकेल जास्त असलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या होऊन एकमेकींत विणल्या गेल्या. असा अशनी कापून, घासून, त्यावर सौम्य आम्ल लावले की चटईसारखी सुरेख वीण उमटते. पट्टी जितकी रुंद, तितका गोळा सावकाश निवला, असा साधारण हिशेब मांडता येतो. आपल्या पृथ्वीच्या पोटातही लोखंडाचाच गाभा आहे, पण तिथवर आपला हात कधी पोचायचा नाही. म्हणून ही वीण म्हणजे ग्रहाच्या पोटातून आलेला जवळजवळ एकमेव लेखी पुरावा. असा अशनी गंजतो, तेव्हा आधी निकेल कमी असलेल्या पट्ट्याच खाल्ल्या जातात. वाळवीने पोथी खावी, तशी.

आपल्याकडे आकाशातल्या लोखंडाचे मोल फार पूर्वी कळले होते. १६२१ च्या एप्रिलमध्ये पंजाबात जालंधर परगण्यात एक अशनी पडला. तो खणून जहांगीर बादशहाकडे पाठवण्यात आला. वजन भरले १६० तोळे. बादशहाने उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला त्याची हत्यारे करायला सांगितली. पण ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, तुकडे पडू लागले. तेव्हा तीन भाग आकाशातले आणि एक भाग साधे लोखंड असे मिसळून तलवारी, कट्यार आणि सुरी घडवण्यात आली. ही सारी हकिगत जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे, आणि त्यातली सुरी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात जपून ठेवली आहे.

नाव कुणाचे?

लॉरेन्साइट हे नाव जॉन लॉरेन्स स्मिथ (१८१८ ते १८८३) ह्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाचे. गृहस्थ मोठा हरहुन्नरी. शिक्षणाने डॉक्टर. पुढे तुर्कस्तानच्या सुलतानाने त्याला कापसाच्या लागवडीसाठी सल्लागार म्हणून बोलावले. तिथे कापूस बाजूला राहिला आणि ह्याने शोधून काढले कुरुंदाच्या दगडाचे साठे, ज्यापासून पॉलिश करायची पूड बनते. खालून पाहायचा, म्हणजे उलट्या रचनेचा सूक्ष्मदर्शकही त्यानेच १८५० च्या सुमारास तयार केला. मायदेशी परतल्यावर तो अशनींच्या नादी लागला आणि खासगी संग्राहकांत त्याचे नाव झाले.

टेनेसी राज्यातला टेझवेल नावाचा एक लोह-अशनी तपासताना त्याला त्यात लोखंडाचे क्लोराइड आढळले. फ्रान्सचा खनिजतज्ज्ञ दॉब्रे याने १८७७ मध्ये त्या खनिजाला स्मिथचे मधले नाव दिले आणि ते कायम झाले.

खनिजाची कुंडली थोडक्यात अशी. लोखंडाचा एक अणू आणि क्लोरीनचे दोन. लोखंडाच्या जागी थोडे निकेलही बसू शकते. घनता पाण्याच्या तिपटीहून जरा अधिक. रचना पानांवर पाने ठेवल्यासारखी थरांची, त्यामुळे मऊ. कोरडे असताना फिकट, ओलावा लागला की हिरवट, आणि हवा लागत राहिली की तपकिरी. सुमारे ६७७ अंश सेल्सियसला ते वितळते, म्हणजे उष्णतेला ते सहजी भीत नाही. त्याला भीती एकाच गोष्टीची: ओलाव्याची. दमट हवेत उघडे ठेवले तर ते खनिज म्हणून टिकतच नाही.

विरजणासारखा रोग

आता रोग कसा पसरतो ते पाहू. लोखंडाचे क्लोराइड हवेतले पाणी ओढते आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळते. त्या थेंबात हवेतला प्राणवायू शिरतो. प्राणवायूमुळे क्लोराइडमधल्या लोखंडाचा गंज बनतो आणि मोकळे झालेले क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने पाण्यात उतरते. हे आम्ल स्वस्थ बसेल कसे? शेजारीच चांगला धातू असतो. आम्ल त्याला खाते, आणि खाऊन पुन्हा बनते काय, तर लोखंडाचे क्लोराइड! चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू.

ह्या व्यवहारात लोखंड खर्च होते, पाणी आणि प्राणवायू खर्च होतात. क्लोराइड मात्र खर्च होत नाही. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण घालावे, सगळ्या दुधाचे दही व्हावे, आणि उद्यासाठी पुन्हा चमचाभर विरजण शिल्लक असावे, तसाच हा प्रकार. म्हणून क्लोरीन चिमूटभर असले तरी पुरते. त्यात गंजाला धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. भेगेत गंज धरला की तो आतून पाचर ठोकतो, भेग रुंदावते, नवी हवा आत जाते आणि नवा थर उघडा पडतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्रॅनबोर्न गावाजवळ एकोणिसाव्या शतकात मोठमोठे लोह-अशनी सापडले. त्यांतला साडेतीन टनांचा धोंडा लंडनला गेला. ह्या अशनींना फुटणारा घाम तेव्हापासून शास्त्रज्ञांच्या लिखाणात आहे. चीनमधल्या नानतान अशनीचे तुकडे जगभर विकले गेले आणि विकत घेणाऱ्यांच्या कपाटात भुगा होत गेले. वरून लाख किंवा वॉर्निश चढवून विकणारेही आहेत. पण क्लोराइड आत असेल तर वरचा लेप म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला दिलेला रंग.

आरोपी निर्दोष?

इतके दिवस समजूत अशी होती की हे क्लोराइड अशनीबरोबर आकाशातूनच येते. बिचारा अशनी जन्मतःच रोग घेऊन आलेला, आपल्या हवेत आल्यावर तो उफाळतो, एवढेच. स्मिथच्या नावाचे खनिज ह्या रोगाचे मूळ ठरले.

पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी रशियाच्या अतिपूर्वेला सिखोते-अलिन पर्वतात लोखंडाचा अक्षरशः पाऊस पडला. ते तुकडे लवकर उचलले गेले. त्यांना साधा गंज चढू शकतो, पण एकूण ते टिकाऊ निघाले. उलट नानतानसारखे, मातीत आणि पाण्यात शेकडो वर्षे पडून राहिलेले अशनी घामाघूम होणारे. रोग जर जन्मजात असेल तर तो ताज्या पडलेल्यांतही तितकाच हवा. तो जुन्या मुक्कामवाल्यांतच का?

दुसरी गोष्ट ग्रीनलंडची. १८७० मध्ये स्वीडनचा शोधप्रवासी नॉर्डेनशल्ड याला डिस्को बेटावर, ओविफाक येथे, समुद्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लोखंडाचे प्रचंड गोळे सापडले. सर्वांत मोठा वीस टनांहून जड. अशनी समजून ते युरोपात नेले. तिथे त्यांतले बरेच तुकडे ऊबदार खोल्यांत फुटून भुगा झाले. पुढे सिद्ध झाले की ते अशनी नव्हतेच. आपल्या दख्खनच्या पठारासारख्या काळ्या बेसाल्ट खडकातच तिथे लोखंड तयार झाले होते. म्हणजे जे लोखंड आकाशात कधी गेलेच नाही, त्यालाही हाच रोग! आणि ते पडून होते कुठे, तर खाऱ्या पाण्यात.

१९८९ मध्ये डेन्मार्कचे बुखवाल्ड आणि अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे रॉय क्लार्क यांनी अंटार्क्टिकावर सापडलेले गंजलेले अशनी बारकाईने तपासले. त्यांना गंजात लॉरेन्साइट मिळाले नाही. क्लोरीन मिळाले, पण ते दुसऱ्याच खनिजात दडलेले: अकागानेआइट. जपानच्या अकागाने खाणीवरून हे नाव पडले. हा गंजाचाच एक प्रकार आहे. त्याच्या स्फटिकात बारीक बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत क्लोरीन दबा धरून बसते, वजनाने पाच टक्क्यांपर्यंत. हे खनिज नेमके तिथे होते, जिथे गंज आणि चांगला धातू यांची हद्द लागते. म्हणजे गंजाच्या आघाडीवर. क्लोरीन बाहेरून आत सरकत होते. ते आले होते पृथ्वीवरूनच. अंटार्क्टिकासारख्या ओसाड बर्फातही समुद्रावरचा वारा खारे कण पोचवतो, तिथे मातीत पुरलेल्या अशनींची काय कथा!

थोडक्यात, कोट्यवधी वर्षे निर्वात अंतराळात धडधाकट राहिलेल्या पाहुण्याला रोग जडला तो यजमानाच्या घरी. आणि आरोप मात्र पाहुण्याच्या सामानातल्या एका खनिजावर आला. संग्रहालयांत ‘लॉरेन्साइटचा रोग’ हे नाव अजूनही रूढ आहे, पण त्यामागची समजूत बदलली आहे.

ह्या बदलाचा व्यवहारात फार उपयोग झाला. रोग जन्मजात मानला की माणूस हात टेकतो. बाहेरून लागलेला असेल तर तो टाळता येतो. अशनी लवकर उचलावा, उघड्या हाताने फार हाताळू नये (घामातही मीठ असते), नळाच्या पाण्याने धुऊ नये, हे नियम त्यातूनच पक्के झाले.

चंद्रावरचा गंज

मग अंतराळात लोखंडाचे क्लोराइड नसतेच का? तसेही नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या दगडांत एक चक्क गंजलेला निघाला. त्याचे नावच ‘रस्टी रॉक’ पडले. चंद्रावर ना हवा, ना वाहते पाणी. मग गंज कुठला? एक उत्तर असे की त्या दगडात मुळात लोखंडाचे क्लोराइड होते, आणि पृथ्वीच्या हवेचा स्पर्श होताच त्याचे गंजात रूपांतर झाले. वाद पुष्कळ झाला. पुढे त्यातल्या क्लोरीनच्या समस्थानिकांची, म्हणजे हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणाची तपासणी झाली. ते प्रमाण पृथ्वीवरच्या क्लोरीनशी जुळेना. इथे क्लोरीन चंद्राचेच होते. म्हणजे एका ठिकाणी निर्दोष ठरलेला आरोपी दुसऱ्या ठिकाणी खरोखरच हजर असावा!

चंद्राच्या गंजाच्या कथेत आपलाही वाटा आहे. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने घेतलेल्या नोंदींतून २०२० मध्ये शास्त्रज्ञांना चंद्राच्या ध्रुवांकडच्या भागात हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे लाल ऑक्साइड, दिसले. मंगळावर क्युरिऑसिटी गाडीने गेल विवरातल्या चिखलाच्या खडकात अकागानेआइट शोधले. तिथे कधीकाळी खारे पाणी होते, याची ती एक खूण. गंज म्हणजे नुसता नाश नव्हे. कुठे पाणी होते, कसले होते, याची साक्षही तो देतो.

औषध एकच: कोरडेपणा

ह्या रोगावर मुख्य औषध म्हणजे कोरडी हवा. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या ममीवर १९२५ मध्ये एक लोखंडी कट्यार सापडली. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची ही कट्यार अशनीच्या लोखंडाची असल्याचे २०१६ च्या तपासणीत पक्के झाले. ती जवळजवळ गंजलेली नाही. थडग्यातल्या कोरडेपणाने तिला राखले.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गोदीत ‘ग्रेट ब्रिटन’ नावाचे १८४३ चे लोखंडी जहाज आहे. फॉकलंड बेटांवर खाऱ्या पाण्यात सडत पडलेले हे जहाज १९७० मध्ये परत आणले. त्याच्या पत्र्यांत मीठ इतके मुरले होते की नुसता रंग देऊन भागण्यासारखे नव्हते. संशोधकांनी मोजून पाहिले की आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरली तर हा गंज थांबतो, आणि २० टक्क्यांना फारच मंदावतो. मग जहाजाच्या खालच्या भागाभोवती काचेचे छत घालून आतली हवा यंत्रांनी २० टक्के आर्द्रतेवर आणली. २००५ पासून प्रवासी तिथे वाळवंटासारख्या कोरड्या हवेत उभे राहून जहाजाचा तळ पाहतात. आता ह्याची तुलना मुंबई-रत्नागिरीच्या श्रावणातल्या हवेशी करून पाहा. तिथे ८०-९० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट!

दुसरा उपाय क्लोराइड काढून टाकण्याचा. त्यासाठी अशनी किंवा उत्खननात मिळालेले लोखंड कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवतात. अल्कली आम्लाला मारते आणि गंजाच्या बोगद्यांतले क्लोरीन हळूहळू बाहेर काढते. द्रावण बदलत राहायचे, क्लोराइड येणे थांबले की वस्तू धुऊन पूर्ण वाळवायची. काम चिकाटीचे, आणि तज्ज्ञाच्याच हाताने व्हायचे.

आपल्या घरात

वाचक म्हणतील, आमच्या घरी कुठला आलाय अशनी? खरे आहे. आणि कधी काळी शेतात तसा दगड सापडला, तर तो घासूनपुसून देवघरात ठेवण्याऐवजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. कोलकात्याला त्यांचा अशनींचा राष्ट्रीय संग्रह आहे. पण क्लोराइडचे हे विरजण आपल्या घरातही आहे. समुद्राकाठच्या घराच्या खिडकीचे गज घाटावरच्या घरापेक्षा लवकर का खचतात? वाऱ्याबरोबर आलेल्या मिठामुळे. स्लॅबमधल्या लोखंडी सळया सिमेंटच्या अल्कलीमुळे एरवी सुरक्षित असतात. पण काँक्रीटमध्ये खारी वाळू गेली असेल, किंवा भेगांतून खारा ओलावा आत पोचला, तर सळई फुगते आणि सिमेंटचे ढलपे खाली पडतात. कपाटातला अशनी फुटतो तशीच ही तुळई फुटते. अशा जागी नुसते सिमेंट लिंपून रंग देणे म्हणजे पुन्हा तो वाळवीच्या दाराचाच प्रकार. गंजलेली सळई उघडी करून, साफ करून, नीट उपचार केल्याशिवाय गत्यंतर नाही. सोसायटीच्या सभेत दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलण्याआधी हे आठवावे, कारण विरजण वाट पाहत बसत नाही.

आजीच्या काळचा लोखंडी तवा, विळी, अडकित्ता किंवा देवघरातली वडिलोपार्जित तलवार सांभाळायची असेल, तर चार गोष्टी पाळाव्यात. मीठ-लिंबू किंवा चिंचेने लोखंड घासू नये. ती पद्धत तांब्या-पितळेची. धुतल्यावर ओले ठेवू नये, मंद आचेवर किंवा उन्हात खडखडीत वाळवावे. वर तेलाचा पातळ हात फिरवावा. तलवारीसारखी वस्तू चामड्याच्या म्यानात कोंडून न ठेवता, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावी आणि पुड्या अधूनमधून वाळवून घ्याव्यात.

जुन्या बायका विळी राखेने घासून, पुसून, तेल लावून खुंटीला टांगत. लाकडाची राख अल्कलीयुक्त असते. घासण्याने मीठ जाई, पुसण्याने पाणी जाई, तेलाने हवा अडे. संग्रहालयातला तज्ज्ञ अशनीसाठी महिनोन्महिने जे करतो, त्यातली तिन्ही तत्त्वे त्यांच्या रोजच्या पाच मिनिटांच्या कामात होती.